दिवाळीत क्रिप्टो भेट द्यायचंय? नवख्या सोलापूरकरांसाठी पहिल्यापासून

सोलापुरात दिवाळीच्या भेटीचं गणित तसं ठरलेलं आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला चादर नाहीतर टॉवेलचा सेट, पुण्याच्या मित्राला शेंगाचटणी आणि कडक भाकरी, बहिणीला साडी, धनत्रयोदशीला जमलं तर चांदीचं नाणं. आता त्यात क्रिप्टोचं, म्हणजे बिटकॉइनसारख्या फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या डिजिटल नाण्यांचं, एक नवं खूळ शिरलंय. पुण्यात नोकरी करणारी पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतात आणि ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकायच्या ऐवजी "तुझ्या नावानं बिटकॉइन घेतलाय" असं सांगून मोकळी होतात. बहीण हसते. आई विचारते, "ते विकता येतं का?"

आईचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला भेट दिली त्याला ती स्वतःच्या हातानं विकून पैसे स्वतःच्या बँकेत आणता आले पाहिजेत. तेवढं जमत नसेल तर भेट पोचलीच नाही असं समजा. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर तपासत चला.

आधी माणूस ठरवा, मग नाणं

ज्यानं कधीतरी तोंडानं विचारलंय, "काय बे, हे बिटकॉइन कसं घेतात?" त्यालाच द्या. नुसतं कुतूहल पुरे नाही. वय १८ पूर्ण हवं, पॅन हवं, स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं आणि मोबाइलवरचा ओटीपी दुसऱ्याला न सांगण्याची सवय हवी. यातलं शेवटचं नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

आजी-आजोबांना देऊ नका. लहान भाच्याच्या नावानं खातं उघडता येत नाही, त्यामुळे "त्याच्या शिक्षणासाठी ठेवतो" म्हणून स्वतःच्या खात्यात ठेवलंत तर कागदोपत्री ते तुमचंच राहतं. कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या कामगारांना बोनसऐवजी क्रिप्टो देण्याची कल्पना काही उत्साही मालकांच्या डोक्यात येते, ती तिथेच सोडून द्यावी. मालकानं कामगाराला दिलेली गोष्ट कराच्या हिशोबात पगाराकडे झुकते, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागावरच्या माणसाला दिवाळीत रोख पैसे लागतात.

नवरा-बायको, भाऊ-बहीण, जिवलग मित्र. यादी एवढीच राहिली तरी चालेल.

हे कायदेशीर आहे का?

आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारनं यावर कर बसवला आणि कायद्यात त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव दिलं. म्हणजे बाळगायला, विकायला, भेट द्यायला बंदी नाही. पण ते चलनही नाही, त्यामुळे नव्या पेठेतल्या दुकानदारानं ते घ्यावं असा हट्ट धरता येणार नाही.

रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया हा वेगळा प्रकार. सामान्य ग्राहकांसाठी तो १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक पातळीवर सुरू झाला. तो रुपयाच आहे, त्याची किंमत वर-खाली होत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून कोणी तुम्हाला 'सरकारी क्रिप्टो' विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

किती द्यायचं

अख्खा बिटकॉइन घ्यावा लागतो हा गैरसमज अजून जात नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्या सगळ्यात लहान भागाला सातोशी म्हणतात. पाचशे-हजार रुपयांचाही घेता येतो. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधी होणार नाहीत, हे त्याच्या आज्ञावलीतच लिहिलेलं आहे. नाणं निवडताना बिटकॉइन नाहीतर इथर (इथरियम या जाळ्यावरचं नाणं), यापलीकडे भेटीसाठी जाऊ नये असं माझं मत. कुत्र्या-बेडकांची चित्रं असलेली नाणी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जबाबदारीवर खेळा. दुसऱ्याच्या दिवाळीत नको.

रक्कम ठरवताना मागच्या दिवाळ्या बघा. २०२१ च्या लक्ष्मीपूजनाला, म्हणजे ४ नोव्हेंबरला, एक बिटकॉइन ६० हजार डॉलरच्या वर होता. २०२२ च्या लक्ष्मीपूजनाला, २४ ऑक्टोबरला, तोच २० हजारांच्या आत आला होता. पुढे २०२४ च्या दिवाळीत पुन्हा ७० हजारांच्या आसपास. ज्या बहिणीला २०२१ मध्ये ६ हजारांची भेट मिळाली, तिनं पुढच्या भाऊबीजेला ॲप उघडलं असतं तर दोन-सव्वादोन हजार दिसले असते. थांबली असती तर भरूनही आलं असतं, पण थांबण्याची सक्ती ओवाळणीत कशाला? म्हणून एवढंच द्या, की वर्षभरात त्याचा तिसरा हिस्सा उरला तरी भाऊबीजेच्या जेवणात कोणाचं तोंड वाकडं होणार नाही.

खातं उघडणं: हे दसऱ्यालाच सुरू करा

क्रिप्टो घेण्यासाठी एक्स्चेंज लागतं, म्हणजे खरेदी-विक्री घडवून आणणारं ॲप. मार्च २०२३ पासून अशा कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतात आणि भारतात व्यवसाय करण्यासाठी त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे) नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या, त्यात बायनान्ससारखं मोठं नावही होतं. त्यातल्या काहींनी नंतर रीतसर नोंदणी केली. ॲप कोणतंही असो, नोंदणी आहे का हे पहिलं बघा. जाहिरातीत क्रिकेटपटू आहे की नट, त्यानं काही सिद्ध होत नाही.

केवायसीत पॅन, आधार, सेल्फी आणि बँक खातं लागतं. आपल्याकडे इथेच गाडी अडते. सोलापुरात तेलुगू आणि कानडी आडनावांची घरं भरपूर, आणि त्यांची इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरी, पासबुकावर तिसरी असते. कुठे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे फक्त आद्याक्षर. माणसाला कळतं की दोघे एकच आहेत, मशीनला कळत नाही. दुरुस्तीला वेळ जातो आणि दिवाळीच्या आठवड्यात बँकाही बंद असतात. दसऱ्याला सुरुवात केलीत तर धनत्रयोदशीपर्यंत निवांत होईल.

पैसे भरताना स्वतःच्या खात्यातूनच भरा. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या एक्स्चेंज खात्यात पैसे पाठवले तर ते बहुधा परत येतात किंवा अडकून पडतात. आणि स्वस्त मिळतंय म्हणून टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून थेट घेऊ नका. त्याच्याकडे आलेला पैसा एखाद्या फसवणुकीचा असेल, तर त्या साखळीत तुमचाही खाते क्रमांक येतो आणि सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते. मग ऐन सणात दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल पाठवत बसावं लागतं.

फी सगळीकडे असते, त्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यातही फरक असतो, तो वेगळाच. काही ॲपं 'शून्य फी' म्हणतात आणि या फरकात वसूल करतात. त्यामुळे घेण्याआधी त्याच क्षणाचे दोन्ही भाव बघायची सवय लावा.

द्यायचं कसं

तीन वाटा आहेत. माझी पसंती पहिलीला, आणि दहातल्या नऊ घरांत तीच पुरेशी आहे.

पहिली वाट: बहिणीचं खातं तिनंच उघडायचं, तुम्ही शेजारी बसायचं. ओवाळणीचे पैसे तिच्या बँक खात्यात टाका. ते ती एक्स्चेंजवर नेईल आणि 'खरेदी करा' हे बटण स्वतः दाबेल. यात थरार कमी आहे हे कबूल. पण बिल तिच्या नावाचं होतं, खरेदीची किंमत तिच्याच खात्यात नोंदली जाते आणि पासवर्ड तुमच्याकडे राहत नाही. तुमच्याकडे राहूच नये. भावाकडे पासवर्ड असलेलं खातं बहिणीचं म्हणायचं कसं?

दुसरी वाट: तुमच्याकडे आधीच असलेलं नाणं तिच्या क्रिप्टो पत्त्यावर पाठवणं. हा पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. इथे काळजी जास्त. सगळीच भारतीय ॲपं नाणं बाहेर पाठवू देत नाहीत, काही ठिकाणी वेगळी परवानगी लागते, आणि कोणाला पाठवताय त्याचं नावही विचारतात. त्यामुळे पाठवता येतं का हे विकत घेण्याआधी तपासा. पाठवायचं शुल्क बऱ्याचदा ठरावीक असतं, म्हणून हजार रुपयांचा बिटकॉइन पाठवताना त्यातला मोठा घास शुल्कातच जाऊ शकतो. लहान भेटीला ही वाट परवडत नाही.

पत्ता कधीही हातानं टाइप करू नका. कॉपी करून पेस्ट करा आणि मग सुरुवातीची व शेवटची काही अक्षरं डोळ्यांनी जुळवा. कॉपी केलेला पत्ता मधल्यामध्ये बदलणारे व्हायरस असतात, म्हणून हा उपद्व्याप. नेटवर्क, म्हणजे नाणं ज्या जाळ्यावरून जातं ते, दोन्हीकडे एकच हवं. इथरियमचे पत्ते 'शून्य-एक्स'नं सुरू होतात, बिटकॉइनचे एक, तीन किंवा 'बी-सी-एक'नं. एका जाळ्यावरचं नाणं दुसऱ्या जाळ्यावर पाठवलं तर ते परत मिळेलच असं नाही. इथे यूपीआयसारखी तक्रार करायची खिडकी नाही. आधी थोडंसं पाठवा, ते पोचलं असं तिच्या तोंडून ऐका, मग बाकीचं. बिटकॉइनचा नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो, तेव्हा पाच मिनिटांत दिसलं नाही म्हणून पुन्हा पाठवायची घाई नको.

तिसरी वाट: तिचं स्वतःचं वॉलेट, म्हणजे नाण्याची किल्ली तिच्याच हातात ठेवणारं ॲप किंवा उपकरण. एक्स्चेंजवर ठेवलेलं नाणं प्रत्यक्षात त्या कंपनीच्या ताब्यात असतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्यानंतर ग्राहकांना आपलं क्रिप्टो काढायला वर्षाहून जास्त काळ वाट बघावी लागली. ते टाळायचं तर लेजर किंवा ट्रेझरसारखं पेनड्राइव्हएवढं उपकरण मिळतं. ते कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं, वापरलेलं तर अजिबात नको.

वॉलेट सुरू करताना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. हे शब्द म्हणजे अशा लॉकरची किल्ली, ज्याची दुसरी किल्ली बँकेकडे नाही. हरवले तर नाणं गेलं. दुसऱ्यानं वाचले तरी गेलं. म्हणून वॉलेट तुम्ही तयार करून, शब्द लिहून, सुंदर पाकिटात घालून देऊ नका. ते तिनंच उघडावं, शब्द तिनंच कागदावर लिहावेत, त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर जाऊन फराळ करावा. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचे नाहीत. कागदाच्या दोन प्रती दोन जागी, आणि तिच्या माघारी ते कोणाला मिळावेत हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला माहीत असावं. पहिल्यांदाच क्रिप्टोला हात लावणाऱ्याला ही तिसरी वाट मी सुचवत नाही. रक्कम मोठी झाली की ती आपोआप विचारायला येईल.

करात मामा वेगळा आणि भाचा वेगळा

नातेवाइकांकडून मिळालेली भेट घेणाऱ्याला करमुक्त असते आणि क्रिप्टोही त्यात बसतं. पण 'नातेवाईक' कोण हे आयकर कायदा ठरवतो, लग्नाची यादी करणारी आत्या नाही. नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, नवऱ्याचे किंवा बायकोचे आई-वडील आणि भाऊ-बहीण, स्वतःच्या आई-वडिलांचे भाऊ-बहीण, आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलत, मामे, मावस भावंडं यात नाहीत.

गंमत अशी, की मामानं भाच्याला कितीही दिलं तरी भाच्याला कर नाही, कारण मामा हा त्याच्या आईचा भाऊ. भाच्यानं मामाला दिलं तर मात्र मामाच्या यादीत भाचा सापडत नाही. तिथे मित्राचाच नियम लागतो. वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या सगळ्या भेटींची किंमत ५० हजारांच्या वर गेली, की फक्त वरची नव्हे, सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटी याला अपवाद.

पाडव्याला बायकोला दिलं तर तिला भेटीवर कर नाही, पण पुढे ते विकून झालेला नफा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. सासऱ्यानं सुनेला दिलं तर तो सासऱ्याच्या उत्पन्नात जातो. बायकोच्या नावावर टाकून कर वाचवायचा बेत असेल तर तो इथेच संपतो.

विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. समजा १० हजारांना घेतलं आणि १५ हजारांना विकलं: नफा ५ हजार, कर १,५६० रुपये. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही, ॲपची फीसुद्धा नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. बहीण अजून कॉलेजात असेल, तिचं दुसरं काहीच उत्पन्न नसेल, तरी मूळ सूट मर्यादेचा फायदा या नफ्याला मिळत नाही. हे तिला भेट देतानाच सांगा. नंतर कळलं की भावाचाच राग येतो.

१ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. १५ हजारांच्या विक्रीत १५० रुपये एक्स्चेंज कापून घेतं. हा वेगळा कर नाही, विवरणपत्र भरताना तो एकूण करातून वजा होतो.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेनं नाणं दिलं असेल तर तुमच्या खरेदीचं बिल तिला द्या. विकताना सीए विचारतो ते हेच. सोबत साध्या कागदावर चार ओळी: कोणी, कोणाला, नातं काय, कोणत्या तारखेला, किती नाणं, त्या दिवशीचा भाव, दोघांच्या सह्या. मोठ्या रकमेला हा कागद सीएकडून नीट करून घ्या.

पाकिटात काय घालायचं

क्रिप्टोला आकार नाही, त्यामुळे ताटात काहीतरी दिसायला हवं. छान कार्डावर नाण्याचं नाव, प्रमाण, तारीख आणि त्या दिवशीचा भाव लिहा. पासवर्ड, पिन, ते बारा शब्द यातलं काहीही नाही. ओवाळणीचे फोटो अर्ध्या तासात अख्ख्या गोतावळ्याच्या ग्रुपवर जातात, त्यात कार्डही येतं. आणि शेंगाचटणीचं पाकीट सोबत असू द्या, ते कुठल्याही बाजारभावात चालतं.

मग जेवणं उरकल्यावर दोघांनी बसून तीन कामं करा. खात्याला ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी सतत बदलणारा कोड दाखवणारं) जोडा, नुसत्या एसएमएसवर विसंबू नका. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घेतलंय ना ते बघा, कारण हुबेहूब दिसणारी नकली ॲपं फिरत असतात. आणि तिसरं, जे सगळे टाळतात: थोडंसं विकून पैसे तिच्या बँकेत आणून दाखवा. किती कमीत कमी विकता येतं, पैसे यायला किती वेळ लागतो, टीडीएस कुठे दिसतो, हे सगळं त्या एका फेरीत समजतं. आईच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

भेट मिळाली की गिऱ्हाईकही होतं

एकदा ॲप मोबाइलवर आलं की 'गुंतवणूक सल्लागार' आपोआप सापडतात. गेनबिटकॉइन आठवा. महिन्याला १० टक्के, असे १८ महिने परतावा, असं सांगून लोकांचे बिटकॉइन घेतले गेले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला, अमित भारद्वाजला अटक केली. फसलेल्यांत शिकलेले लोक होते, ओळखीच्यांनीच त्यांना आत ओढलं होतं. बिटकॉइन स्वतः व्याज देत नाही. महिन्याला ठरावीक टक्के सांगणारा माणूस, हॉटेलच्या हॉलमधलं मोफत सेमिनार, 'एक पाठवा दोन मिळवा' असा व्हिडिओ, 'पैसे काढायला आधी कर भरा' म्हणणारा कस्टमर केअर: यातलं काहीही दिसलं की मोबाइल खाली ठेवायचा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

तुमच्याही बाबतीत एक. भेट देताना स्वतःचा रेफरल कोड घुसडू नका. शंभर रुपयांच्या बक्षिसासाठी भाऊबीज खर्ची घालायची नसते.

३१ मार्च उलटला की तिला एक्स्चेंजवरून वर्षभराचा व्यवहाराचा तक्ता उतरवून ठेवायला सांगा. काही विकलं असेल तर सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ मधल्या आभासी मालमत्तेच्या रकान्यात प्रत्येक विक्री तारखेसकट लिहावी लागते. दिवाळीतली ती चाचणी-विक्रीसुद्धा.